कावळ्याला दिलेला शब्द

माझ्या सासूबाई अमेरिकेत आल्या त्या मला आणि माझ्या दोन मुलींना सांगलीला घेऊन जायला. हे त्यांनी विमानतळावरच सांगितलं, बॅगाही अजून हाती लागल्या नव्हत्या. मी म्हटलं, "आई, आधी घरी तर चला." त्या म्हणाल्या, "चल की. पण सांगून ठेवते."

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही रेडमंडला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये होता आणि मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. त्या हिवाळ्यात ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, भर पावसात, गाडीचं दार उघडता उघडता तो पडला तो उठलाच नाही. चाळिशीही पुरती झाली नव्हती. त्याच्या अस्थी एका मित्राने सांगलीला नेल्या. मी गेले नाही. का गेले नाही, हे लोकांनी मला पुष्कळ विचारलं. तेव्हा मी कुणाला उत्तर दिलं नाही आणि आता इथेही देणार नाही.

तिकडे कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. दिरांनी हात जोडून सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा झाडावरच. मित्राने सांगितलं, घराचं सगळं मी बघेन. कावळा झाडावरच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या सासूबाई कुणाला न विचारता खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तुझ्या पोरी मी घरी आणीन." त्याबरोबर कावळा झपकन् खाली आला आणि भात घेऊन गेला.

हे सगळं त्यांनी मला रेडमंडच्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता सांगितलं. "आता तूच सांग, मी काय करू? शब्द दिलाय मी त्याला."

मी मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून पोट भरणारी बाई. भूक लागली असेल त्या कावळ्याला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईचा मुलगा गेलाय तिला असं कसं म्हणायचं? मी लसणाच्या साली गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

मला परत जायचं नव्हतं, एवढं मात्र पक्कं होतं. सांगली वाईट आहे असं नाही. पण तिथे मी कोण होणार होते, ते मला लख्ख दिसत होतं. दिरांच्या घरातली मागची खोली, आणि जो येईल तो माझ्या मुलींच्या डोक्यावरून हात फिरवून "बिचाऱ्या" म्हणणार. रेडमंडला मला माझी नोकरी होती, घर होतं आणि थोरलीला तिचं सॅक्सोफोन. ते सॅक्सोफोन म्हणजे कानाला शिक्षाच होती, पण ते तिचं होतं.

सासूबाई रोज सकाळी वरण-भात-तुपाचा एक घास डेकच्या कठड्यावर ठेवायच्या. मुलाच्या नावाचा. रेडमंडला कावळ्यांना काय तोटा? पहिल्याच आठवड्यात त्यांना साजूक तुपाची चटक लागली. घास ठेवायचा अवकाश, कावळा हजर. मग सासूबाई काचेच्या दारातून वळून माझ्याकडे बघायच्या. ते बघणंच असं असायचं की माझा चहा कडू व्हायचा.

एक दिवस मी भडकले. म्हटलं, "आई, ह्यांनी पोरींना कबूल केलं होतं, यंदा उन्हाळ्यात यलोस्टोनला नेईन, गवे दाखवीन. तंबूसुद्धा आणून ठेवलाय गॅरेजमध्ये. तो शब्द नाही का? आधी तो पुरा करू, मग तुमचा."

"कोण नेणार?"

"मी."

त्या हसल्या. हसण्यासारखंच होतं म्हणा. मी गाडी चालवायची ती हॉस्पिटल, शाळा आणि ग्रोसरी एवढ्यापुरती. हायवे म्हटला की स्टिअरिंगवर नवरा. ट्रक शेजारून गेला तरी मी डोळे मिटून घ्यायची. आणि हे जायचं होतं आमचं वॉशिंग्टन राज्य ओलांडून, आयडाहो ओलांडून, मोंटानाच्या पार पलीकडच्या टोकाला.

"मी तुम्हा सगळ्यांना नेऊन सुखरूप परत आणलं," मी म्हटलं, "तर आम्हाला इथे राहू द्यायचं. नाही जमलं तर मी स्वतः बॅगा भरते आणि तुमच्याबरोबर येते."

"आणि कावळ्याला दिलेला शब्द?"

"ते तुम्ही आणि कावळा बघा."

असं मी सासूला बोलले. माझ्या आईने ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. सासूबाई मात्र पिठाचा डबा उघडून म्हणाल्या, "दशम्या किती करू?"

महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना कळलं तसे फोन सुरू झाले. पहिल्या पिढीतले एक काका, सर्जन माणूस, म्हणाले, "अगं, फ्लाय करा ना यार! कशाला रिस्क घेतेस? निदान कुणी जेंट्स तरी बरोबर ने." मी म्हटलं, "काका, जेंट्स नाहीयेत म्हणूनच जातेय." मग काकूंनी फोन घेऊन मुळ्याच्या भाजीची चौकशी केली.

निघालो. गाडी म्हणजे आमची लाकडी पट्ट्यांची जुनी स्टेशन वॅगन. मागे तंबू, कूलर, प्रेशर कुकर, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी. पुढे माझ्या शेजारी नऊवारी नेसलेल्या सासूबाई, सीटबेल्टखाली हातात जपमाळ. थोरली मागे नकाशा घेऊन बसली. ती तेरा वर्षांची होती आणि त्या वर्षी तिने माझ्याशी फक्त इंग्लिशमध्ये आणि फक्त दोन शब्दांत बोलायचं ठरवलं होतं. धाकटी दर अर्ध्या तासाने गवा कधी येणार विचारायची.

डोंगरातली पहिली खिंड चढताना मागून एक लाकडांचा ट्रक आला. आरसा भरून नुसता तो ट्रक. माझे हात घामाने स्टिअरिंगवरून सटकायला लागले. सासूबाईंची जपमाळ थांबली. मला वाटलं आता म्हणतील, वळव गाडी. मी दात आवळले आणि मोठ्याने म्हणाले, "मी उजव्या लेनमध्ये आहे. मी माझ्या स्पीडने जाणार. त्याला घाई असेल तर त्याने जावं." कुणाला सांगत होते कोण जाणे. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मागून थोरली म्हणाली, "Good job." दोनच शब्द, पण ते मी स्पोकेनपर्यंत मनात घोळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मोंटानात शिरल्यावर मी चक्क गाणं गुणगुणत होते. सासूबाईंनी तिरक्या नजरेने बघितलं. "मान आखडली असेल," असं म्हणून त्यांनी चालत्या गाडीत डाव्या हाताने माझी मान चोळली. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण डोळे भरून आले. ते मी त्यांना दिसू दिलं नाही.

मुक्कामाच्या जागी कुकर लावला की मजाच व्हायची. पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतला एक धिप्पाड गृहस्थ हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. "Is it going to blow?" मी म्हटलं, अजून दोन शिट्ट्या व्हायच्यात, थांबा. तो थांबला. आमटी-भात खाऊन गेला आणि डोळ्यांतून पाणी काढत थँक यू म्हणाला.

यलोस्टोनमध्ये शिरलो आणि दुसऱ्याच वळणावर गवे. एकदोन नाहीत, रस्ताभर कळप. मी गाडी बंद केली. ते आमच्या दोन्ही बाजूंनी चालायला लागले. ढगासारख्या माना, गुडघ्यापर्यंत लोंबणारी दाढी. एक भलाथोरला नर माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला आणि त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली. शिंगाने नुसतं ढोसलं असतं तरी दार आत आलं असतं. माझा हात हॉर्नकडे गेला.

"वाजवू नकोस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्याच्या घरात आलोय आपण. जाईल त्याच्या मनानं." मग काचेतून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "दाजीपूरला बघितला होता गवा. पण लांबनं. हा म्हणजे अगदी पाहुण्यासारखा आलाय गं."

तो गेला. धाकटी इतकी गप्प बसली होती की मी वळून बघितलं. ती रडत होती. "बाबांनी पायजे होता बघायला," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. त्यावर आम्ही चौघीही रडलो, भर रस्त्यात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. बरं वाटलं.

कॅम्पग्राउंडवर सगळीकडे पाट्या होत्या. अस्वलांचा भाग आहे, अन्नाचा कणही बाहेर ठेवू नका. मी सासूबाईंना बसवून समजावलं. सगळं खाणं गाडीत, खिडक्या बंद. खरकटं नाही, साबण नाही, धाकटीची टूथपेस्टसुद्धा नाही. "आणि घास नाही," मी म्हटलं. "इथे घास ठेवायचा नाही."

त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी विश्वास ठेवला.

सकाळी उजाडता उजाडता मला जाग आली ती स्टीलच्या ताटलीच्या आवाजाने. शेजारचं अंथरूण रिकामं. मी तंबूची चेन खाली ओढली. तंबूपासून चार ढांगांवर सासूबाई पाठमोऱ्या उभ्या, हात जोडलेले. त्यांच्या पलीकडे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर आमची ताटली, आणि ताटलीत तोंड घातलेलं काळं अस्वल.

ते अस्वल रात्रीचा भात चाटून पुसून खात होतं आणि ताटली बुंध्यावर खडखडत होती. सासूबाई त्याच्याशी बोलत होत्या. "खा बाळा, खा. सावकाश खा."

माझं धाबं दणाणलं. ओरडावं तर ते उठून अंगावर येईल, आणि मुली आत झोपलेल्या. मी सरपटत बाहेर आले, मागून जाऊन सासूबाईंचा दंड धरला आणि एकेक पाऊल मागे सरकत त्यांना गाडीत बसवलं. मग मुलींना उठवून पांघरुणासकट गाडीत कोंबलं. दार लावलं आणि हॉर्नवर दोन्ही हात ठेवून उभं कॅम्पग्राउंड जागं केलं. अस्वलाने मान वर केली. आमच्याकडे जरा बघितलं, ताटली एकदा उलटी करून खाली काही नाही ना याची खात्री केली, आणि झाडांत निघून गेलं.

मी सासूबाईंकडे वळले. तोंडात जे येणार होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आधी त्यांचा चेहरा बघितला. महिनोन् महिन्यांत मी त्यांना तशा बघितल्या नव्हत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"आला बघ," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं त्याला. म्हटलं, ही तर चालवतेय गाडी, डोंगर काय, ट्रक काय. राहू दे का रे ह्यांना इथे? पटत असेल तर खाऊन जा. आणि आला. सगळं खाल्लं. राहा म्हणतोय तो. मी मोकळी झाले गं."

म्हणजे मी जिंकले होते. परतीचा रस्ता अजून बाकी होता, पण जिंकले होते. मनात उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात पार्कची रेंजर आली. उंच, सडपातळ बाई, टोपीखाली उन्हाने रापलेला चेहरा. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ताटली उचलून वास घेतला, विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, भात आणि तूप. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, ते अस्वल तिच्या ओळखीचं आहे, आजवर माणसांच्या वाटेला कधी गेलं नव्हतं. आता जाईल. आजच्यासारखं उद्याही येईल, दुसऱ्या कुणाच्या तंबूशी. सापळा लावून लांब नेऊन सोडू. पण एकदा चव लागली की बहुतेक परत येतात. परत आलं तर त्याला गोळी घालावी लागेल. "मला ते काम आवडत नाही," एवढंच ती शेवटी म्हणाली.

"काय म्हणतेय बाई?" सासूबाईंनी विचारलं. अजून हसतच होत्या.

रागावलीय थोडी, असं सांगितलं असतं तर भागलं असतं. त्यांनी मान डोलावली असती, आम्ही रेडमंडला परतलो असतो, त्या समाधानाने सांगलीला गेल्या असत्या. कुणाला काही कळलं नसतं. थोरली गाडीच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती. "Mom," ती म्हणाली, "आजीला सांग." त्या वर्षात ती माझ्याशी मराठीत पहिल्यांदा बोलली.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गोळीचंही. सांगताना मला माझंच घर हातातून सुटताना दिसत होतं, पण खोट्यावर मला ते नकोच होतं. सासूबाईंचं हसू हळूहळू गेलं.

"मी दिला म्हणून?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"एक घास दिला म्हणून?"

"हो."

त्या पुढे झाल्या. ताटली रेंजरच्या हातातून घेतली आणि नळाखाली घासत बसल्या. स्वच्छ झाली तरी घासत बसल्या.

आम्ही त्याच दिवशी निघालो. मी गाडी चालवत होते आणि शेजारी दगड बसला होता. जपमाळही पिशवीतच. मुली मागे कुजबुजत होत्या, तीही मग थांबली. नवऱ्याला मनात चार शिव्या दिल्या, तू गेलास आणि हे सगळं माझ्या अंगावर टाकून गेलास म्हणून. मग त्याचीच इतकी आठवण आली की समोरचा रस्ता हलायला लागला. पण थांबले नाही. चौघींना घरी पोचवायचं होतं, तिकडे पुढे सांगली असो की काही असो. मी उजवी लेन धरली आणि चालवत राहिले.

दुपारी मोंटानातच नदीकाठच्या एका रेस्ट एरियात थांबलो. बाकावर स्टोव्ह मांडला, कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे चार पानं वाढली, भातावर वरण, वरून तूप. मग नेहमीप्रमाणेच पाचवा घास कालवून बोटांत धरला. बाकाच्या टोकावर एक काळा-पांढरा लांब शेपटीचा पक्षी येऊन बसला होता. मान वाकडी करून त्यांच्या हाताकडेच बघत होता. अगदी जवळ. नुसता हात पुढे केला असता तरी चाललं असतं.

सासूबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"कावळा भुकेला होता गं," त्या म्हणाल्या.

मी कुकरचं झाकण लावलं.

"तिथं घाटावर. सकाळपासून कुणी काही घातलं नसेल त्याला. भुकेला होता, आला, खाऊन गेला. हे अस्वलही तसंच." त्यांनी घास बोटांत पुन्हा वळला. "तो काही येत नाही आता. मीच आपली ज्याला त्याला बोलावत बसलेय. आणि असं बोलावत राहिले तर एखादा जीव जाईल."

"आई—"

"थांब, बोलू दे. घाटावर शब्द दिला तो मी दिला. मोडतेय तोही मीच. त्याचं पाप-पुण्य माझं, तू मध्ये येऊ नकोस. गणपतीच्या आधीचं माझं एकटीचं तिकीट काढ."

हातातला घास अजून तसाच होता. तूप मनगटाकडे ओघळायला लागलं होतं. पक्षी एक उडी मारून आणखी जवळ आला. सासूबाईंनी त्याला पदराने हाकललं, "जा रे बाबा, तुझं तू शोध जा," आणि घास माझ्या तोंडासमोर धरला.

"आ कर," त्या म्हणाल्या. "तू खा. गाडी तुला चालवायचीय."